घाटात पिकअप धूर ओकत होती, आधी इंजिनची हवा बघितली मग ट्युनिंग

गुळाच्या ढेपा घेऊन कोकणात उतरताना काय वाटायचं नाही, पण येताना जांभा चिरा भरून करूळ घाट चढायला लागलं की गाडीचा दमच जायचा आणि मागं नुसता काळा धूर. डिझेल गाडीला काळा धूर म्हणजे सरळ हिशोब, डिझेल जास्त हवा कमी. लई जण इथंच थेट रीमॅप मारतात, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलतात, मला ते अजिबात पटत नाही, आधी हवेचा रस्ता बघा.

एअर फिल्टरच्या घड्यांत धूळ पार थापल्यासारखी बसलेली, आणि टर्बोकडनं (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) इंजिनकडं जाणारा रबरी होज, म्हणजे पाइप, वाकवून बघितला तर क्लिपच्या खाली बारीक चीर, भोवती तेलकट काळा डाग, म्हणजे दाबाची हवा तिथनंच सुटत होती. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात होज बदलला, आणि हवा आत घेणाऱ्या इनटेकचं तोंड इंजिनमागची गरम हवा ओढत होतं ते पुढं ग्रिलपाशी आणलं. गरम हवा विरळ, 30 अंशाच्या हवेपेक्षा 60 अंशाच्या तेवढ्याच जागेतल्या हवेत ऑक्सिजन साधारण 9 टक्के कमी असतो हो! तोंड खाली मात्र ठेवू नका, पावसाळ्यात पाणी ओढलं तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टर कागदीच ठेवला, तेलाच्या कॉटन फिल्टरचं जादा तेल हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरवर बसतं.

एवढ्यावरच धूर बराच गेला. मग ट्युनिंग, तेपण हलकं, खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरताना, थोडा टॉर्क (ओढ). डिझेल जास्त वाढवू दिलं नाही, एक्झॉस्टचं तापमान चढलं की टर्बो आणि पिस्टन दोन्हीची वाट लागते. पीयूसी परत काढली, पास झाली.