जुन्या घरात वीज-पाणी वाचवताय? या चुका टाळा

बेळगावातल्या शहापूर-वडगावची गल्लीतली घरं असोत की खानापूरकडची जांभ्या-मातीची, वीज-पाणी वाचवायचं मनात आलं की माणसं आधी दुकान गाठतात. सोलर येतो, टाकी येते, नवे पंखे येतात. घर कुठं गळतंय, कुठं तापतंय, हे बघायला मात्र कुणाला सवड नसते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. खानापूर तालुक्यातल्या एका घरातल्या मुलाला गणपतीच्या आत घर चकाचक हवं होतं. दीड फूट जाडीच्या भिंतींना त्यानं आतून-बाहेरून सिमेंट मारून घेतलं, वर वॉटरप्रूफ रंग. भिंतीला रेनकोट घातल्यावर आतला घाम जाणार कुठं? जमिनीतून चढलेली ओल मातीतच मुरत राहिली. पुढच्या पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी आली, गिलाव्याचे पापुद्रे सुटले. ओल सुकावी म्हणून पंखे दिवसरात्र चालू. घर चकाचक करायला काढलेल्या कामानं विजेचं बिल वाढवलं. आजी मला म्हणाल्या, "चुना होता तवा असलं काय नव्हतं बघ." मुलाचा प्रश्न वेगळाच होता: "काका, यावर कुठला केमिकल मारू?"

केमिकल नाही. सिमेंट खरवडून काढायचं, उन्हाळाभर भिंत उघडी सुकू द्यायची, मग चुना-वाळूचा गिलावा आणि वर चुन्याचाच हात. त्याच्याही आधी पागोळ्यांचं पाणी जोत्याशी पडतंय का ते बघा. पन्हळ लावून ते लांब सोडलं की बरीच ओल आपोआप कमी होते. अख्खा एक पावसाळा घर बघितल्याशिवाय मी गिलाव्याला हात लावत नाही. घाई असेल त्यांनी दुसरा माणूस बघावा.

दुसरी चूक छपराची. कौलं गळतात म्हणून पत्रा टाकतात. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पत्रा एप्रिलात भट्टी होतो, मग एसी लागतो. गळणारी कौलं तेवढी बदला, कुजलेल्या रीपा बदला. जमलं तर स्वयंपाकघरावर दोन काचेची कौलं बसवा, दिवसा दिवा लागत नाही.

"गृहज्योतीत 200 युनिट फुकट आहेत की, वाचवायचं कशाला?" हेही ऐकतो. गृहज्योती म्हणजे कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना. सरसकट 200 नाहीत. 2022-23 च्या तुमच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून मर्यादा ठरली आहे; त्यापुढचे युनिट भरावे लागतात, आणि 200 ओलांडलं की अख्खं बिल. जुना पंखा 75 वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. दिवसभर फिरणारा पंखा आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू दे.

पाणी तापवायचा सोलर न्हाणीपासून लांब बसवू नका. पाऊण इंची पाईप 50 फूट लांब असला तर त्यात चार लिटरभर गार पाणी अडकतं, आणि गरम येईपर्यंत ते रोज मोरीत जातं. लांब न्यावाच लागला तर पाईपला आवरण घाला आणि ते गार पाणी बादलीत धरा.

राकसकोप-हिडकल धरणांचं पाणी नळाला आलं आणि परसातल्या विहिरीवर फळ्या पडल्या. आता त्याच विहिरीत छपराचं पाणी सोडायची हौस आली आहे. हौस चांगलीच, हजार चौरस फुटांच्या छपरावर 10 मिलिमीटर पाऊस झाला तर नऊशे लिटरच्या घरात पाणी पडतं. पण पहिल्या पावसाचं पाणी विहिरीत नको. त्यात शेवाळ, पाखरांची विष्ठा, सगळं असतं. पहिले काही पाऊस बाहेर सोडा, मग खडी-वाळूच्या गाळणीतून आत.

दर फ्लशला पाणी कमी जावं म्हणून टाकीत वीट टाकू नका, झिजून तिचा चुरा वॉशरमध्ये अडकतो. पाणी भरून बूच लावलेली लिटरची बाटली ठेवा.

थेंब-थेंब गळणारा नळ आजच दुरुस्त करा. मोठी टाकी आणून तो नळ थांबत नाही.

आणि लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरवर दोन हजार वॉटचा गीझर जोडायला सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आधी अर्थिंग तपासून घ्या, गीझरला वेगळी जाड वायर ओढा, मग बाकीचं.