जुन्या व्हिडिओ लायब्ररीतून लग्नाच्या कॅसेटी डिजिटल करून द्यायच्या, तर

दोन-तीन शाखांच्या व्हिडिओ लायब्ररीचं भाड्याचं गिऱ्हाईक मोबाइलने पळवलं, ते परत येणार नाही. पण त्याच गिऱ्हाइकाच्या माळ्यावर लग्न, मुंज, बारसं व्हीएचएस कॅसेटीत अडकून पडलंय आणि घरात व्हीसीआर नाही. नवा मिळायचाही नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं, तोवर बाकीच्यांनी कधीच हात काढून घेतला होता. तेव्हा तुमच्या शाखांत धूळ खात पडलेली मशीन हेच खरं भांडवल.

सगळी मशीन एका ठिकाणी आणा. प्रत्येक शाखेत वेगळं काम सुरू करू नका. कोल्हापुरातल्या राजारामपुरीत, शाहूपुरीत कॅसेट नुसती जमा करून घ्यायची, रूपांतर एकाच खोलीत. सर्वात स्वच्छ चित्र देणारं मशीन मुख्य कामाला ठेवा, दुसरं मळकट कॅसेटींना आणि रिवाइंडला. उरलेली सुटे भाग काढायला: बेल्ट आणि पिंच रोलर, म्हणजे टेप पुढे ओढणारं रबरी चाक. पावतीचा नंबर कव्हरवर नको, कॅसेटच्या अंगावर चिकटवा. घरोघरी कव्हरं बदललेली असतात आणि थोरल्याच्या कव्हरातून धाकट्याचं लग्न निघतं.

हेड म्हणजे फिरत्या ड्रमवरचं टेप वाचणारं नाजूक टोक. ते साफ करताना आधी प्लग काढा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला शॅमॉय कातड्याचा तुकडा ड्रमला हलकेच टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवा. कातडं वर-खाली घासलं की हेडचं टोक तुटलंच. कानात घालायची कापसाची काडी इथे नको, तिचे धागे हेडला अडकतात. चित्रावर पांढरे ठिपके नाचत असतील तर हेडमध्ये घाण अडकली आहे. आवाज दबका येत असेल तर ऑडिओ हेड पुसा. मशीन टेप खात असेल तर बहुधा पिंच रोलर गुळगुळीत झालाय, नाहीतर बेल्ट सैल पडल्याने पुढचं रीळ फिरत नाही.

आता कॅसेट. आत घालण्याआधी मागची रेकॉर्डिंगची पट्टी मोडून टाका, म्हणजे चुकून बटण दाबलं तरी लग्न पुसलं जाणार नाही. मग कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून बघा. टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या कॅसेटीत ती हमखास असते. असली एक कॅसेट मुख्य मशीनमध्ये गेली की पुढच्या सगळ्यांना लागण. ती दुसऱ्या मशीनवरच साफ करायची आणि नंतर ते मशीनही पुसायचं.

पुराच्या कॅसेटींचं प्रकरण वेगळं. २००५, २०१९, २०२१ ला पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, त्यामुळे चिखली-आंबेवाडीकडून, शिरोळकडून गाळ बसलेल्या कॅसेटी येणारच. त्या मशीनमध्ये लावून बघायचा मोह आवरा. खालचे पाच स्क्रू काढा, दोन्ही रिळं डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलक्या हाताने धुवा, सावलीत पंख्याखाली वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. पूर्ण सुकल्यावर रिळं चांगल्या खोक्यात बसवा. खोकी तुमच्याकडे ढिगाने आहेत: भाड्याच्या सिनेमांच्या कॅसेटी. पण एखादा जुना मराठी सिनेमा हाती लागला आणि तो दुसरीकडे कुठे मिळत नसेल, तर खोकं फोडण्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा. गाळ सुकून टेपचे वेढे एकमेकांना चिकटले असतील तर काम घेऊ नका आणि तसं तोंडावर सांगा.

तुटलेली टेप स्प्लाइसिंग टेपनेच जोडायची, तीही हेडला न लागणाऱ्या बाजूने. सेलोटेपचा गोंद उष्णतेने पाघळतो आणि हेडवर जाऊन बसतो.

कॉम्प्युटरवर घेताना पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीची पद्धतच निवडा: ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. स्वस्तातल्या यूएसबी कॅप्चरची (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या डबीची) नेहमीची तक्रार म्हणजे तासाभराने ओठ आणि आवाज जुळत नाहीत. जुन्या टेपचा सिग्नल डळमळतो, कॅप्चर फ्रेम गाळतं, आवाज मात्र पुढे चालत राहतो. टाइम बेस करेक्टर, म्हणजे डळमळता सिग्नल सरळ करणारी सोय असलेलं मशीन हा खरा इलाज. नाहीतर मधे जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून पाहा, काही मॉडेल सिग्नल चांगला सावरतात. यूपीएस हवाच. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात आणि पावसाळ्यात वीज अडीचाव्या तासालाच जाते.

आधी हफीयूव्हीसारख्या लॉसलेस कोडेकमध्ये, म्हणजे चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या साठवणुकीत घ्या. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा धरा. वरातीच्या नाचात कंगव्यासारख्या रेघा दिसतात, त्या डीइंटरलेस करून (एकात एक गुंफलेली अर्धी चित्रं सुटी करून) सेकंदाला ५० फ्रेमवर न्या, मग एच.२६४ या फाइल लहान करणाऱ्या कोडेकमध्ये ६ एमबीपीएसला (सेकंदाला ६ मेगाबिट) बांधा. तासाला साधारण २.७ जीबी होतात. तीन तासांची एकच फाइल केली तर ८ जीबी, आणि फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह ४ जीबीच्या वरची फाइल घेत नाही. म्हणून हळद, लग्न, वरात असे तुकडे पाडा, बघणाऱ्यालाही तेच सोयीचं. चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण चार-तीनच ठेवा. टीव्हीभर ताणलं की नवरी जाड दिसते आणि बोलणी तुम्हाला बसतात.

भाड्याच्या सिनेमांच्या प्रती काढून विकायच्या नाहीत, तो सरळ कॉपीराइटचा भंग. लग्नाच्या शूटिंगचं तसं नाही: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन शूटिंग करून घेणाराच पहिला मालक. मात्र व्हिडिओ जोडून देणाऱ्या मिक्सिंगवाल्याने मागे सिनेमाची गाणी घातलेली असतात. यूट्यूबवर टाकल्यास आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओ अडू शकतो, हे पावती फाडतानाच सांगून ठेवा.

दर कॅसेटवर नको, तासावर लावा. १८० मिनिटांच्या कॅसेटीत कधी चाळीसच मिनिटं भरलेली असतात. धुणं आणि जोडणं याचे पैसे वेगळे. देताना सुरुवात, मध्य, शेवट गिऱ्हाइकासमोर टीव्हीवर लावून दाखवा, मूळ कॅसेट परत केल्याची सही घ्या आणि तुमच्याकडची प्रत महिनाभर ठेवून मग पुसा.