वांगाच्या लेझरआधी नंबिंग क्रीम लावताय? मग आधी हे वाचा

वांग किंवा पिंपल्सचे काळे डाग घालवायला लेझर ठरलं की काहीजण वेळ वाचवायला मेडिकलमधून नंबिंग क्रीमची, म्हणजे त्वचा बधिर करणाऱ्या क्रीमची ट्यूब घेतात, घरूनच तोंडभर थापून वर प्लास्टिक लावून निघतात. हे अजिबात करू नका. अमेरिकेत लेझरने केस काढायच्या आधी 22 आणि 25 वर्षांच्या दोघी जणींनी अशीच कडक क्रीम पायांना चोपडून प्लास्टिक गुंडाळलं होतं, झटके आले, कोमात गेल्या आणि वारल्या, 2007 मध्ये तिथल्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) त्यावरून जाहीर इशारा दिला.

१. आधी विचारा, क्रीम खरंच लागणारे का? हलक्या लेझर टोनिंगला बऱ्याचदा गार हवेवरच भागतं.

२. टक्के वाचा. नेहमीच्या क्रीममध्ये बधिर करणारी दोन औषधं असतात, लिडोकेन 2.5 आणि प्रिलोकेन 2.5 टक्के. लेबल नसलेल्या डबीतली क्रीम कोणी लावत असेल तर सरळ नाही म्हणा.

३. डॉक्टरांना सगळं सांगा: हृदयाच्या ठोक्यांची गोळी, डॅप्सोन किंवा सल्फाची औषधं, जी६पीडीचा त्रास (रक्तातलं एक एन्झाइम जन्मतः कमी असणं), लिव्हर, प्रेग्नन्सी, दाताच्या इंजेक्शनला आलेली रिअ‍ॅक्शन.

४. जेवढ्या भागावर लेझर तेवढ्याच भागावर क्रीम, आणि तीही क्लिनिकमध्ये, घड्याळ लावून. भाग मोठा, वेळ जास्त, वर झाकण, की औषध रक्तात जास्त जातं, त्यात चेहऱ्याची कातडी पातळ. सोललेल्या किंवा नुकतंच पील (औषध लावून वरची कातडी काढणं) केलेल्या जागी नकोच. डोळ्यांपासून लांब ठेवा, कारण डोळाच बधिर झाला तर बुबुळाला इजा होतेय हेही कळत नाही.

५. लेझरआधी क्रीम पूर्ण पुसली गेलीय ना बघा. स्पिरिटने पुसली तर ते सुकू द्या, ओलं स्पिरिट लेझरने पेटू शकतं. त्वचा पांढरट दिसते ती क्रीममुळे, पण लाल होऊन खाज सुटली तर बोला, गप्प बसू नका, आपल्या सावळ्या त्वचेवर चिडलेल्या जागी लेझर मारलं की डाग जायचे सोडून नवेच उठतात.

तोंडात धातूसारखी चव, ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, गरगरणं, यातलं काहीही झालं तर क्रीम लगेच पुसायला लावा. ओठ निळे पडले, धाप लागली, झटके आले तर थेट 108. निळेपणा प्रिलोकेनने येतो, कधीकधी काही तासांनीसुद्धा, म्हणून घरी गेल्यावरही आरशात बघा.

आणि बधिरपणा उतरेपर्यंत वाफ, गरम शेक काही नको, भाजलेलं कळणार नाही.