डिजिटल पेनने घन काढताना

ठाण्यात दहावीच्या मुलांना ऑनलाइन महत्त्वमापन शिकवताना पेन टॅब्लेटवर घनाच्या रेघा हमखास वाकड्या येतात. सगळी आकृती हाताने काढूच नका.

१. चौरस काढा. रेघ संपली की पेन न उचलता क्षणभर तसाच धरा. बऱ्याच ॲपमध्ये ती आपोआप सरळ होते.
२. चौरसाची कॉपी थोडी वर-उजवीकडे सरकवा, कोपऱ्याला कोपरा जोडा.
३. मागच्या चौरसाच्या खालच्या-डाव्या कोपऱ्यात मिळणाऱ्या तिन्ही कडा तुटक करा. मुलांना खोली दिसते ती यामुळेच, म्हणून ही पायरी गाळू नका.

वृत्तचितीलाही हेच: लंबवर्तुळ, त्याची कॉपी सरळ खाली, दोन उभ्या रेघा.

कॉपी करताना फक्त आकृतीच निवडलीय ना, ते बघा. नाहीतर शेजारचं गणितही सोबत येतं.