घरी साबण करताना या चुका टाळा

मे महिन्यात आमच्या बचत गटाचा एक अख्खा घाणा साच्यातून उतू गेला. थंड पद्धतीचा (न शिजवता केलेला) साबण, म्हणून व्हिडिओत बघून तेल 40 अंशांपर्यंत तापवलं. अहो, चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात तेल डब्यातच तेवढं तापलेलं असतं! कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, ज्याने तेलाचा साबण होतो) तेलात गेला की मिश्रण आपोआप तापतं. त्यात आम्ही दूध घातलेलं आणि वरून गोणपाट गुंडाळलेलं. उन्हाळ्यात साचा गुंडाळू नका. दूध घालायचंच असेल तर आधी बर्फासारखं गोठवा.

सगळ्यात महागात पडते ती पेल्याने मोजायची सवय. 100 ग्रॅम खोबरेलाला साधारण 18 ग्रॅम कॉस्टिक लागतो, मोहाच्या (टोळीच्या) तेलाला जेमतेम 13-14. खोबरेलाच्या कृतीत नुसतं टोळीचं तेल ओतलं तर उरलेला कॉस्टिक अंगाची आग करतो. वजनकाट्यावर मोजा आणि कॉस्टिक हिशोबापेक्षा 5 टक्के कमीच घ्या. शिजवला की जादा कॉस्टिक उडून जातो, असं पुष्कळ जणी समजतात. नाही जात. गरम पद्धतीत तो तेलाशी लवकर मिसळतो, एवढंच. जास्तीचा असेल तो तसाच राहतो.

बाकी गरम पद्धत घाईच्या ऑर्डरला बरी. वडी दिसायला खडबडीत, पण आठ-पंधरा दिवस वाळली की कडक होते. थंड पद्धतीची गुळगुळीत, मात्र तिला 4 ते 6 आठवडे हवेतच. बाजारातला तयार बेस (साबणाचा कच्चा गोळा) वितळवून केलेल्यात कॉस्टिक हाताळायची भीती नाही. पण पावसाळ्यात त्यातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि वड्यांना घाम सुटतो. गार झाल्याबरोबर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा.

जवसाचं तेल घरचं आहे म्हणून भरमसाट घालू नका, वडी मऊ राहते आणि खवट होते.

जर्मनचा (ॲल्युमिनियमचा) गंज, म्हणजे पातेलं, तर चुकूनही नको. कॉस्टिक त्याला खातो आणि पेट घेणारा वायू निघतो. स्टीलचाच घ्या. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर नाही. चष्मा, हातमोजे हवेत, पोरंबाळं लांब.

थंड पद्धतीचा घाणा आम्ही आता दिवाळीनंतरच घालतो. संक्रांतीच्या वाणाला वड्या तयार.