हाऊजीच्या कार्यक्रमाची छापील पत्रिका कशी रचावी

नागपुरात कोजागिरीला किंवा वसाहतीच्या स्नेहमेळाव्यात हाऊजी (पुकारलेले आकडे तिकिटावर खुणावण्याचा खेळ, तंबोला) ठेवली असेल, तर नेटकी छापील पत्रिका हाती असल्याने नियम पुन्हा पुन्हा सांगावे लागत नाहीत. ए-४ कागद मधोमध दुमडला की ए-५ आकाराची चार पाने मिळतात आणि एका संध्याकाळसाठी तेवढी पुरतात. मुखपृष्ठावर मंडळाचे नाव, तारीख, वेळ आणि स्थळ एवढेच असावे.

खरी मेहनत आतल्या पानांवर घ्यावी. डावीकडे प्रत्येक डावाची वेळ आणि बक्षिसांचा तक्ता द्यावा: जल्दी पाच (सर्वांत आधी कोणतेही पाच आकडे), चार कोपरे, तिन्ही ओळी, फुल हाऊस. त्याखाली, पुढचा आकडा पुकारण्यापूर्वीच दावा करावा लागेल का आणि एकाच आकड्यावर दोघांचे दावे आले तर बक्षीस कसे वाटले जाईल, हे स्पष्ट लिहावे. वाद बहुतेक इथेच होतात. उजवीकडे १ ते ९० आकड्यांचा तक्ता छापल्यास पुकारलेले आकडे खुणावता येतात. त्यासाठी मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला साधा छपाईचा कागद घ्यावा, कारण चकचकीत आर्ट पेपरवर पेनाची शाई लवकर वाळत नाही. देणगीदारांची नावे मागच्या पानावर शोभतात.

मैदानातल्या मंद उजेडात ज्येष्ठांनाही वाचता यावे म्हणून अक्षर १२ पॉइंटपेक्षा लहान नसावे. पार्श्वरंग कडेपर्यंत न्यायचा असल्यास चहूबाजूंनी ३ मिलिमीटर जादा ठेवावा. मुद्रकाच्या संगणकावर टंक (फॉन्ट) बदलला की जोडाक्षरे तुटतात; म्हणून टंक अंतर्भूत असलेली पीडीएफ द्यावी आणि छपाईपूर्वी एक कागदी प्रत मागवून ती दोघांनी तपासावी.