अबोल माणसाचं काम दिसत का नाही? या चुका टाळा

आमच्या ऑफिसातून दर महिन्याच्या पाच तारखेला एक रिपोर्ट वर जायचा. पाच जणांच्या पाच एक्सेल शीट एकत्र करायच्या आणि दर वेळी कुठेतरी बेरीज हुकायची. मग वरून फोन, शोधाशोध, सुधारित रिपोर्ट. एकदा सुट्टीच्या दिवशी बसून मी पाचही शीटना एकच साचा करून दिला. चुकीची तारीख किंवा आकडा भरला की रकाना लाल होईल, अशी सोय केली. पुढचे चार महिने एकही फोन आला नाही. पाचव्या महिन्यात साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "हल्ली रिपोर्टचा त्रास नाही. सिस्टिम सुधारलेली दिसते."

ती सिस्टिम त्यांच्यापासून तिसऱ्या खुर्चीवर बसली होती. गप्प.

घरी येऊन मी भरपूर चिडचिड केली. राग ओसरल्यावर प्रश्न पडला, त्यांना कळणार तरी कसं? फोन आला की सगळ्यांना कळतं, न आलेला फोन कुणाच्या लक्षात येतो? शांत माणसं बऱ्याचदा नेमकी अशीच कामं करतात. घोळ व्हायच्या आधीच निस्तरतात, आणि मग निस्तरायला काही होतं याचा पुरावाच उरत नाही.

"काम बोलेल" म्हणून वाट पाहणं

ही सगळ्यात जुनी चूक. हेन्री कॅव्हेंडिश हा अठराव्या शतकातला इंग्रज शास्त्रज्ञ इतका बुजरा होता, की घरातल्या मोलकरणींना सूचनासुद्धा चिठ्ठीवर लिहून द्यायचा. त्याने काही संशोधन प्रसिद्ध केलं, पण विजेवरचं बरंचसं काम वह्यांतच राहिलं. तो १८१० मध्ये गेला. पुढे मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने त्या वह्या संपादित करून १८७९ मध्ये छापल्या, तेव्हा उलगडलं की ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये मांडलेला विजेचा नियम कॅव्हेंडिशच्या हाती कितीतरी आधी लागला होता. नियमाला नाव अर्थातच ओहमचं राहिलं. मला यात हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हा माणूस मुखदुर्बळ असेल, पण लिहायला त्याचा हात आखडत नव्हता. नेमकी हीच चिठ्ठी तेवढी त्याने कुणाला पाठवली नाही.

आपल्यालाही बोलकं व्हायची गरज नाही. काम संपलं त्याच दिवशी साहेबांना चार ओळींचा मेल टाकायचा: अडचण काय होती, मी काय केलं, फरक काय पडला, पुढे काय लागेल. माझा तो मेल असा असायला हवा होता: "मासिक रिपोर्टमध्ये बेरजा चुकत होत्या, कारण पाच शीटचे साचे वेगळे होते. मी सगळ्यांना एकच साचा करून दिला आहे. या महिन्यात दुरुस्ती करावी लागली नाही. नवीन माणूस आला तर त्याला हाच साचा द्यावा." यात फुशारकीचा एक शब्द नाही. आणि लिहायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

"झालं आहे" लिहिणं

मराठीत कर्ता गाळणं फार सोपं आहे, आणि आपण भिडस्त माणसं त्याचा पुरेपूर फायदा घेतो. "डेटा तपासून झाला आहे." "ग्राहकाची तक्रार मिटली आहे." कुणी तपासला? कोणी मिटवली? वाचणाऱ्याला वाटतं, तक्रार आपोआप विरघळली. मी माझे जुने मेल चाळले तेव्हा पानोपानी "झालं", "दिलं गेलं", "पाठवण्यात आलं" होतं. "मी" शोधूनही सापडेना. जिथे जमलं तिथे आपण पुढचं पाऊल टाकायचं, म्हणजे दुसऱ्यांनाही त्यांचं श्रेय नावानिशी द्यायचं. "आकडे अमुकने गोळा केले, पडताळणी मी केली." असं लिहिलं की "मी" टोचत नाही.

मीटिंगमध्ये पक्कं वाक्य जुळेपर्यंत थांबणं

मनातल्या मनात वाक्य तयार होईपर्यंत चर्चा दोन मुद्दे पुढे गेलेली असते. मग "आता काय बोलायचं" म्हणून आपण ते गिळतो. मला दोन गोष्टींचा उपयोग झाला. एक, विषय आधी मागून घेणं आणि आपला मुद्दा मीटिंग घेणाऱ्याला आदल्या दिवशीच लिहून पाठवणं, मग बऱ्याचदा तेच म्हणतात, "हिने यावर काहीतरी पाठवलंय, सांग ना." दोन, संधी हुकली तरी "मघाच्या मुद्द्यावर एक सांगायचंय" म्हणून मागे येणं. कुणी अडवत नाही.

आपलीच कल्पना दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आली, तर कुढत बसू नका आणि भांडूही नका. "हो, मी मंगळवारच्या टिपणात हेच लिहिलं होतं, त्यात एक अडचण राहिली होती, ती अशी..." एवढं पुरतं. टिपण पाठवलेलं असावं लागतं, हे ओघाने आलंच.

"काही विशेष नाही हो"

कौतुक झालं की हे वाक्य आपोआप बाहेर पडतं. समोरचा ते खरं मानतो. "थँक्यू, सगळ्यात वेळ जुने आकडे जुळवण्यात गेला" म्हणा.

सगळे आपल्याकडेच बघतील, ही भीती

कॉर्नेल विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, २००० मध्ये प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी शर्टावरचा चेहरा ओळखला असेल. प्रत्यक्षात ओळखणारे जेमतेम पाव होते. आपली मेहनत सगळ्यांना दिसतेय असं वाटतं, तेव्हाही हाच घोटाळा होतो. आणि "एक मेल टाकला तर लोक काय म्हणतील" या धास्तीतही तोच. लोक काही म्हणत नाहीत. त्यांना आपापले मेल असतात.

वर्षाखेरीला आठवायला बसणं

अप्रेझलचा फॉर्म समोर आला की मागच्या दीड महिन्यातलंच आठवतं, आपल्यालाही आणि साहेबांनाही. दर शुक्रवारी निघण्यापूर्वी एका फाइलमध्ये तारीख टाकून दोन ओळी लिहा. आकडा असेल तर आकडा. कुणी मेलवर आभार मानले असतील तर तेही तिथेच चिकटवा.

एवढं करूनही फरक पडत नसेल तर

आधी कारण शोधा. साहेबांना माहीतच नाही, की माहीत आहे पण त्यांच्या लेखी ते काम महत्त्वाचं नाही? या दोन दुखण्यांचं औषध वेगळं. पहिल्यावर वरचं सगळं लागू पडतं. दुसऱ्यावर कितीही मेल टाका, उपयोग शून्य. तिथे कामच बदलून मागावं लागतं. समोरासमोर एकट्यात विचारा, "पुढच्या पदासाठी माझ्या कामात नेमकं काय कमी पडतंय?" उत्तर "जरा पुढे पुढे करत जा" असं मोघम आलं, तर सोडू नका: कुठल्या मीटिंगमध्ये, कुणासमोर, कशाबद्दल? जे ठरेल ते त्याच दिवशी लिहून पाठवा आणि तीन महिन्यांनी त्याच मेलवर पुन्हा विचारा.

काही ठिकाणी मात्र खरोखरच आवाजालाच भाव असतो. तीन महिन्यांनीही तेच मोघम उत्तर आलं, तर ती शुक्रवारची फाइल बायोडाटा लिहायलाही कामी येते. माझा अर्धा बायोडाटा त्यातूनच निघाला. लाल रकान्यांची ओळ त्यात सगळ्यात वर आहे.